माफी आणि पावती

नगर नाक्यावर आता नाका नाही. रिक्षावाले अजून 'नगर नाका, नगर नाका' ओरडतात, कॉलेजची पोरं तिथं चढतात-उतरतात. पण तो नाका कशाचा होता, हे त्यांच्यातल्या कुणाला विचारलं तर उत्तर मिळेल असं वाटत नाही. मला आठवते ती पत्र्याची केबिन. आत एक टेबल, टेबलावर पावत्यांचे गठ्ठे आणि ते पंख्यानं उडू नयेत म्हणून ठेवलेली वजनं. ती वजनं म्हणजे आमच्या गावच्या कारखानदारीचं छोटं प्रदर्शनच होतं: दात तुटलेला एक गिअर, पिस्टनचं डोकं, कसलीशी फ्लँज आणि आमचा एक बुश, म्हणजे यंत्रात बसणारी धातूची पोकळ नळी.

बुश रिजेक्ट झालेला होता. बोअर दोन-चार शतांश मोठा झाला की तो भंगारातच. बाबांनी तो एकदा नाक्यावरच्या कारकुनाला दिला, 'घ्या साहेब, पेपरवेट'. कारकून हसला, त्यानं तो पावत्यांवर ठेवला. पुढची कितीतरी वर्षं आम्ही नाक्यावर थांबलो की मी आधी आमचा बुश जागेवर आहे का ते बघायचो.

तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाणा एमआयडीसीत, भाड्याच्या शेडमध्ये बाबांचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. माल वाळूजचा. म्हणजे वाळूजमधल्या एका कारखान्यातून कच्चे तुकडे यायचे, आम्ही ते टर्निंग करून परत द्यायचो. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्कूटरच्या पायाशी गोणपाटात बांधलेले दोनशे नग. चिकलठाणा महापालिकेच्या हद्दीत, वाळूज हद्दीबाहेर. मधे जकात, म्हणजे शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर महापालिका घ्यायची तो कर; नगर नाका त्याचाच. माल आपण विकत घेतलेला नाही, फक्त काम करून परत द्यायचा आहे, हे बाबा दर खेपेला चलन दाखवून सांगत. कारकून बदलला की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे एक म्हातारे टर्नर होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. लेथवरून नजर न हलवता ते एकदा म्हणाले, "साब का कारखाना माफी में, अपना खराद पावती में." खराद म्हणजे लेथ. चाचा शाळेत फार गेलेले नव्हते. मी पुढं वाणिज्य शाखेची पदवी घेतली, कर सल्लागाराच्या कार्यालयात लागलो आणि गेली वीसेक वर्षं कारखान्यांचे अनुदानाचे दावे तयार करतोय. या विषयावरची सरकारी भाषेतली बरीच पानं वाचली. चाचांचं ते वाक्य अजून कुठल्या पानावर सापडलेलं नाही.

माफी म्हणजे काय, ते जरा सांगायला हवं.

मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना महाराष्ट्रानं पहिल्यांदा आणली १९६४ साली. त्याच्या दोनच वर्षं आधी एमआयडीसी स्थापन झाली होती. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात कारखान्यांची दाटी झाली, बाकी राज्य कोरडं. मग राज्याचे तालुके गटांत वाटले. जिथं उद्योग भरपूर तो 'ए', मग 'बी', 'सी', 'डी', आणि सगळ्यात मागासलेला 'डी प्लस'. त्याच्याही पुढं 'विनाउद्योग जिल्हा', त्यात गडचिरोली. जितकं अक्षर मागं तितकी सवलत मोठी. शाळेत 'डी' मिळाला की मार खावा लागतो; इथं तालुक्याला 'डी' मिळावा म्हणून पुढारी मुंबईला खेपा घालत. आपला तालुका मागास आहे असं कागदावर सिद्ध करण्याची ही धडपड मी जवळून बघितली आहे, आणि तिची मला अजून गंमत वाटते.

सवलतींत सगळ्यात मोठी होती विक्रीकराची. एक प्रकार सरळ माफीचा: कर घ्यायचाच नाही. दुसरा 'डिफरल', म्हणजे कर लांबणीवर. मला जास्त रस या दुसऱ्यात. कारखान्यानं गिऱ्हाइकाकडून बिलात विक्रीकर घ्यायचा, पण सरकारला लगेच भरायचा नाही. तो वापरायचा, त्यातून यंत्रं घ्यायची, पगार करायचे आणि दहा-बारा वर्षांनी हप्त्याहप्त्यानं फेडायचा. व्याज शून्य. मी कॉलेजात असताना बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते हातातला चहा खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे पैसे गिऱ्हाइकाचे, हक्क सरकारचा आणि वापरायचे मालकानं? फुकट? मग बँक मला सतरा टक्के का लावते रे?"

पुढं याचाही पुढचा अंक झाला. २००२ च्या सुमारास सरकारनं सांगितलं, की लांबणीवर टाकलेला कर आत्ताच भरत असाल तर आजच्या किमतीनं भरा, म्हणजे भविष्यातल्या रकमेचं आजचं मूल्य काढून तेवढंच द्या. सुल्झर इंडियाचं प्रकरण आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे: देणं होतं ७ कोटी ५२ लाखांचं, भरले ३ कोटी ३७ लाख आणि हिशेब मिटला. वाचलेले चार कोटी हे कंपनीचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लावायचा का, यावर आयकर खात्यानं वाद घातला. न्यायाधिकरणानं नाही म्हटलं, मुंबई उच्च न्यायालयानंही नाहीच म्हटलं. कायद्यानं ते बरोबरच आहे. पैशाला काळाची किंमत असते आणि बारा वर्षांनी द्यायचा रुपया आज रुपया नसतो. तरीपण गिऱ्हाइकानं दुकानात मोजलेला कर पूर्ण मोजला होता, त्याला कुणी आजची किंमत विचारली नव्हती, एवढं मनात राहतंच.

पण मग हे सगळं वाया गेलं का? इथं माझी अडचण होते. कारण मी ज्या घरात वाढलो, ज्या फीवर शिकलो, ती त्या माफीच्याच सावलीत कमावलेली होती.

५ नोव्हेंबर १९८५. बजाज ऑटोच्या वाळूजच्या कारखान्याचं उद्घाटन, राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते. सोळा महिन्यांत कारखाना उभा राहून उत्पादन सुरू झालं होतं. त्याआधी आमचं शहर म्हणजे दौलताबाद, बीबी का मकबरा, वेरूळच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव. कारखाने होते, रेल्वे स्टेशनजवळ आणि चिकलठाण्यात, पण शहराची ओळख ती नव्हती. मराठवाड्यातला पदवीधर नोकरी म्हटलं की पुण्याची गाडी धरायचा. वाळूजनंतर तीच गाडी उलटीही भरून यायला लागली.

आणि खरी गंमत कारखान्याच्या फाटकाबाहेर झाली. स्कूटरला लागणारे शेकडो सुटे भाग पुण्याहून आणणं परवडेना म्हणून पुरवठादार आले. त्यांना प्लेटिंग करून देणारे आले, हीट ट्रीटमेंटवाले आले, डाय बनवणारी टूलरूम आली, यंत्राचा पट्टा तुटला तर रात्री दहाला दुकान उघडून देणारा आला. आमचे बुश ज्या कारखान्यात जायचे तो दुसऱ्या कारखान्याला काही बसवून द्यायचा आणि तो तिसऱ्याला. या साखळीतल्या शेवटच्या कडीला, म्हणजे आम्हाला, सवलतीचं कुठलंही पात्रता प्रमाणपत्र नव्हतं. आम्हाला काम मिळालं, एवढंच. पण ते काम नसतं तर बाबांनी लेथ विकून पतसंस्थेत कारकुनी केली असती, असं आई अजून म्हणते. तिच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा सुटकेचा सूर जास्त.

रांजणगाव शेणपुंजीला माझा शाळेतला एक मित्र राहायचा. बापाची जमीन एमआयडीसीत गेली, मोबदला आला, त्यातून उरलेल्या तुकड्यावर त्यांनी दहा बाय दहाच्या खोल्या काढल्या. एका ओळीत बारा, समोर मोरी, मागं संडास. एकेका खोलीत चार-चार पोरं: परभणीचं, हिंगोलीचं, बीडचं, नंतर बिहारचं. तीन पाळ्या, त्यामुळे गाद्या कधी गार होत नसत. मित्राची आई डबे करायला लागली, आधी सहा, मग साठ. त्या खोल्या आणि ते डबे हा रोजगार कुठल्याच दाव्यात येत नाही. यायला हवा असंही मी म्हणत नाही. तो मोजणार कसा? पण मी रोजगाराच्या रकान्यात आकडा भरतो तेव्हा मला ती मोरी आठवते.

त्या रकान्याबद्दलही सांगतो, कारण बाहेर कुणी बघत नाही. अनुदानाच्या दाव्याला जोडायची कागदपत्रं म्हणजे एक जाडजूड फाइल. गुंतवणुकीचं सीए प्रमाणपत्र, यंत्रांची बिलं, करभरणा, पीएफची चलनं आणि कामगारांची यादी. स्थानिकांना ८० टक्के रोजगार ही अट. स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचा दाखला असलेला. एका कारखान्याचा एचआरवाला माझ्यासमोर यादी घेऊन बसला होता, पेन्सिलीनं खुणा करत. "हा आपला, हा आपला, हा... साहेब, हा जन्मला बऱ्हाणपूरला, पण बोलतो अस्सल वैजापुरी." दाखला नव्हता, म्हणून तो पोरगा बाहेरचा ठरला. त्याच यादीत एकजण होता, ज्याचा दाखला बिनचूक आणि हजेरी महिन्यातून आठ दिवस. तो स्थानिक. आकडा ८० च्या वर गेला, एचआरवाल्यानं पेन्सिल कानामागं खोचली आणि आम्ही मिसळ खायला गेलो.

रोजगाराची अट कागदावर अशीच पुरी होते: दाव्याच्या तारखेला, यादीपुरती. त्यातले किती जण पाच वर्षांनी तिथं असतील, किती कंत्राटावर ढकलले जातील, हे विचारणारा रकाना मला तरी फॉर्मात भेटलेला नाही. गुंतवणूक मात्र रुपया-रुपयानं तपासली जाते. यंत्र पावतीनं सिद्ध होतं. माणसाच्या बाबतीत आपण यादीवर समाधान मानतो.

सवलत दुसरीकडे मोठी झाली की कारखाना तिकडे बघणार, हेही आम्ही बघितलं. २००३ साली केंद्रानं हिमाचल आणि तेव्हाच्या उत्तरांचलसाठी पॅकेज जाहीर केलं: दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ, पहिली पाच वर्षं प्राप्तिकर माफ. डोंगरांच्या पायथ्याशी रातोरात औद्योगिक गावं उभी राहिली. शंका असेल तर घरातल्या तापाच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून पत्ता वाचा. बद्दी, जिल्हा सोलन असं निघण्याची शक्यता भरपूर. नाहीतर गोव्यातलं वेर्णा. तिथंही एकेकाळी करसवलतीचाच ओढा होता. बजाजचा पंतनगरचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. पिंपरी-चिंचवडला तेव्हा जकात चालू होती. डोंगराकडे शुल्क माफ होतं. हिशेब कुणालाही जमेल असा होता. वाळूज चालू राहिलं. पण ती बातमी आली त्या रात्री आमच्या शेडमध्ये रेडिओ बंद होता आणि चाचा नेहमीपेक्षा हळू काम करत होते, हे मला स्पष्ट आठवतं.

राज्याराज्यांतली ही चढाओढ थांबावी म्हणून प्रयत्न झाले नाहीत असं नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये राज्यांचे मुख्यमंत्री आणि अर्थमंत्री दिल्लीत बसले, ठरलं की १ जानेवारी २००० पासून विक्रीकराचे किमान दर सगळीकडे सारखे आणि विक्रीकरावर आधारलेल्या नव्या सवलती बंद. ठरलं, आणि बऱ्यापैकी पाळलंही गेलं. फक्त माफीचं नाव बदलून अनुदान झालं. कर पूर्ण भरायचा, मग भरलेल्या कराच्या हिशेबानं औद्योगिक विकास अनुदान मागायचं. म्हणजे आधी सरकारनं हात पुढं केलाच नव्हता. आता हात पुढं करून घेतो आणि नंतर परत देतो. यात एक चांगली गोष्ट झाली. किती दिलं ते अर्थसंकल्पात दिसायला लागलं. सोडलेला कर कुणाला दिसत नसे. आणि एक त्रासाची गोष्ट झाली: दावा मंजूर होणं वेगळं, तरतूद असणं वेगळं, खात्यात पैसे पडणं तिसरंच. मोठा कारखाना थांबू शकतो. छोटा मंजुरीपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावतो.

जीएसटीनंतर तर या सगळ्याचा पायाच सरकला. आता कर माल बनतो तिथं नाही, खपतो तिथं जमा होतो. इथं बनलेली मोटरसायकल कोलकात्यात विकली तर राज्य जीएसटी बंगालचा. आपल्याकडे काही आलंच नाही तर परत काय देणार? म्हणून अनुदान मोजलं जातं ते राज्याच्या आत झालेल्या विक्रीवरच्या करावर. देशभर माल पाठवणाऱ्याला ते कमी, इथल्या इथं विकणाऱ्याला जास्त. परदेशी पाठवणाऱ्याला या हिशेबात जवळजवळ काही नाही. त्याच्यासाठी मग वेगळे करार, वेगळ्या बैठका. योजना आखणाऱ्यांना हे कळत नसेल असं नाही, पण पन्नासेक वर्षं ज्या खुंटीवर कोट टांगला ती खुंटी भिंतीसकट दुसऱ्याच्या खोलीत गेली, असं काहीसं झालंय.

जकात तर गेलीच. आधी बऱ्याच महापालिकांत तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, त्यावरून व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला तोही गेला. मुंबईची जकात ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत टिकली. महापालिकांना त्याबदली राज्याकडून दरमहा भरपाई मिळते. म्हणजे शहरानं आपल्या गावात उद्योग आणण्यासाठी आपलाच कर कमी-जास्त करावा, ही सोयही बहुतेक संपली. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी सोडली तर शहराच्या हातात फारसं काही उरलेलं नाही. स्थानिक प्रोत्साहन म्हणतात ते आता मुंबईत ठरतं. जकात वाईट होती, ट्रकांच्या रांगा लावायची, भ्रष्टाचाराला निमंत्रण द्यायची. तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आणण्याचं कारण नाही. मला आठवण येते ती फक्त त्या टेबलाची.

सध्या आमच्याकडे बोलणं बिडकीनचं. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे नवं औद्योगिक शहर उभं राहिलं, रुंद रस्ते, जमिनीखालून केबल, पाणी. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्याशी सामंजस्य करार केला. एथरची दुचाकी इथंच बनणार असं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेला म्हणून आपल्याकडे किती महिने भांडलो. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि भांडणाला विषयच उरला नाही. त्यामुळे करार झाला म्हणून पेढे वाटायला मी जात नाही. पण बिडकीनचे लोक मला विचारतात, की सवलत किती वर्षांची? तेव्हा मी उलटं विचारतो, इथं हीट ट्रीटमेंट कुठं आहे? डाय दुरुस्त करायला माणूस कुठून आणणार? आयटीआयला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, चालू आहे का झाकून ठेवलंय? पॅकेजमुळे आलेला आणि पॅकेज संपल्यावरही राहिलेला असे कारखाने मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकतो. त्यातल्या प्रत्येकाच्या शेजारी असली दहा-वीस बारकी दुकानं आहेत. निघून गेलेल्यांच्या शेजारी बहुतेक मोकळी कुंपणं होती, आणि आता तिथं लग्नाचं लॉन आहे.

आमचं वर्कशॉप आता धाकटा भाऊ बघतो. शेड स्वतःची झाली, लेथच्या जागी दोन सीएनसी आले. मागल्या वर्षी त्यानं तिसरं मशीन घेतलं, तेव्हा मीच म्हटलं, की विस्तारीकरणात बसतंय, अर्ज कर. छोट्या उद्योगाला व्याज अनुदान आहे, वीजशुल्काची माफी आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे दावे केले, घरचा एकही नाही. बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते. वय ७९. रोज दहाला शेडमध्ये येतात, व्हर्नियर घेऊन चार-दोन नग तपासतात, चुकीचा निघाला की ऑपरेटरच्या समोर ठेवतात आणि काही बोलत नाहीत.

"किती कागद लागतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी गुणाकार केला.

"तेवढ्या वेळात दोन हजार बुश निघतील."

भाऊ हसला, पण बसला भरायला. मी लॅपटॉपवर रकाने वाचत होतो, तो उत्तरं सांगत होता. जमीन, इमारत, यंत्रसामग्री, कर्ज. मग एकूण रोजगार. त्यानं बोटं मोजली, चाचांचा नातू धरून नऊ.

"मला धरलं का?" बाबा म्हणाले.

"मालकाला धरत नाहीत, बाबा."

"मी कुठला मालक? मालक हा." त्यांनी भावाकडे बोट केलं. "मी तर याच्याकडे कामाला आहे."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. पीएफ नाही, हजेरीपत्रकात नाव नाही, पगार नाही. मी नियम चाळले, तेवढ्यात बाबा उठून मशीनकडे गेले. कर्सर त्या रकान्यात लुकलुकत होता. आम्ही तो तसाच सोडून पुढचा रकाना घेतला.